प्रकरण अभ्यास: मुलुंडचा ३६२ फुटांचा ब्लॉक

माझी पस्तीस वर्षं इमारत दुरुस्तीच्या साइटवर सुपरवायझर म्हणून गेली. आता गुडघे परांची चढू देत नाहीत, म्हणून घरी बसून नातेवाइकांच्या गळक्या बाथरूमवर सल्ले देतो. त्यातलंच हे एक प्रकरण. भाचीला विचारूनच लिहितोय. तिची अट एकच: आकडे लपवायचे नाहीत.

२०२३ च्या भाऊबीजेला ताईकडे भांडुपला गेलो होतो. ओवाळून झालं, फराळाची ताटं आली आणि भाचीने विषय काढला. "मामा, मी जुना वन बीएचके घेऊन, नीट करून भाड्याने द्यायचं म्हणतेय. हप्ता भाड्यातून सुटेल. तू बघायला येशील?" वय ३१, ठाण्याच्या लॅबमध्ये नोकरी, आठ वर्षांची बचत आणि बाबांच्या ग्रॅच्युइटीचा आधार. तिने मोबाइल पुढे केला. त्यात लाद्यांचे, फॉल्स सीलिंगचे, किचनच्या ट्रॉल्यांचे पन्नासेक फोटो होते. इमारतीच्या गच्चीचा एकही नव्हता.

तिला हे तेव्हाच सांगितलं आणि पुढचं वर्षभर सांगत राहिलो: जुन्या इमारतीत घरावर किती खर्च करायचा हे इमारतीची तब्येत पाहून ठरवायचं. पटायला वेळ लागला.

टेप आणि एजंट

ब्लॉक मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या आतल्या गल्लीत. इमारत १९८४ ची, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर. मालक निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले. मागणी ८५ लाख. एजंटने क्षेत्रफळ सांगितलं ५६०, म्हणजे फुटाला साधारण १५,२००. "या भागात या भावात काही मिळत नाही," हेही वर ऐकवलं.

मी टेप काढला. भाचीने एक टोक भिंतीला धरलं, मी दुसरं. हॉल, बेडरूम, किचन, संडास, बाथरूम, पॅसेज, सगळं आतून आतून मोजलं. ३६२ चौरस फूट भरलं. ८५ लाखांना ३६२ ने भागलं की फुटाला २३,४८० येतात. एजंट हसून म्हणाला, "काका, जुन्या बिल्डिंगला सुपर बिल्टअपच सांगतात." सांगोत बापडे. पण भाव ऐकायचा तो कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवर. २०१६ च्या रेरा कायद्याने नव्या प्रकल्पांत कार्पेट एरिया सांगणं बंधनकारक केलं, रिसेलच्या बाजारात मात्र जुनी सवय अजून तशीच आहे. ब्लॉक लहान असल्याचा एक फायदाही झाला. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या कार्पेटच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे.

भाव उतरत नाही म्हटल्यावर एजंटने ठेवणीतला पत्ता टाकला. "बिल्डिंग दोन वर्षांत रीडेव्हलपमेंटला जातेय. पाचशेचा नवा फ्लॅट फुकटात." भाचीचे डोळे लकाकले. मी तिला चहाला खाली नेलं.

रीडेव्हलपमेंट होणार की नाही हे सोसायटीच्या कपाटातले कागद सांगतात. मालकांकडून सेक्रेटरींना फोन करवला आणि तीन गोष्टी पाहायला मागितल्या: जमिनीचं मालमत्ता पत्रक, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आणि मागच्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्तं. सेक्रेटरी चांगले होते, पण "एवढं सगळं कशाला" हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालकाचंच नाव. म्हणजे कन्व्हेयन्स झालेलं नाही. इमारत सोसायटी वापरते, पण जमीन कागदोपत्री तिची नाही. फ्लॅट मालकीच्या १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायला हवी. तो देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मानीव अभिहस्तांतरण मागता येतं. या सोसायटीने अर्ज केलेला होता, निकाल बाकी. पुनर्विकासासाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ चे सरकारी निर्देश आहेत: विशेष सर्वसाधारण सभा आणि ५१ टक्के सभासदांची संमती. इतिवृत्तांत अशा सभेचा मागमूस नव्हता. "रीडेव्हलपमेंट" हा शब्द दोनदा आला होता, दोन्ही वेळा "इतर विषय" या मथळ्याखाली.

सी-२बी

ऑडिटचा अहवाल मी जरा निवांत वाचला, कारण ही माझ्या धंद्यातली गोष्ट. मुंबई महापालिका अधिनियमाच्या ३५३ब कलमाप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतींची स्ट्रक्चरल तपासणी करून घ्यावी लागते. निकालाच्या पायऱ्या चार. सी-१ म्हणजे धोकादायक, खाली करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं आत राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. ही इमारत सी-२बी होती.

भाचीला हे अक्षर-आकड्यांत कळेना, म्हणून ब्लॉकच्या बाथरूममध्ये नेलं. स्टुलावर उभं राहून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वरच्या स्लॅबवर ठोकलं. एका कोपऱ्यात टणक आवाज, हातभर पुढे बद्द. "ऐकलंस? इथे काँक्रीट सळीपासून सुटलंय." लोखंड गंजलं की गंज जास्त जागा व्यापतो, फुगतो आणि खालचं कव्हर ढकलून पाडतो. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा वरच्या मजल्याचं पाणी असतं. मग तिने स्वतःच मूठ हातात घेतली आणि अख्ख्या घरभर ठोकत फिरली. एजंट दारात उभा राहून घड्याळ बघत होता.

इतिवृत्तात आणखी एक ओळ सापडली: बाहेरच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक सभासदाची वर्गणी १,६०,०००, आठ हप्त्यांत. मालकांनी दोनच भरले होते. म्हणजे १,२०,००० चं ओझं ब्लॉकसोबत येत होतं, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख नव्हता.

सौदा ७८ लाखांवर ठरला. नसलेलं कन्व्हेयन्स, बद्द वाजणारा स्लॅब, उरलेली वर्गणी, सगळं समोर मांडून. मालक सज्जन होते. त्यांना "आठ लाख रोखीत" ही एजंटचीच कल्पना होती. ती आम्ही बाजूला सारली. रोख दिली की कागदावरची किंमत कमी, कर्ज कमी, आणि उद्या विकताना नफा विनाकारण फुगलेला दिसतो. घरव्यवहारात २०,००० आणि त्यावर रोख घेणं आयकर कायद्यालाही चालत नाही.

कागद, बँक, आणि ७८,००० दोनदा

वकिलांनी करारांची साखळी तपासली. बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला १९८४ मध्ये दिलेला करार, आणि त्याच्याकडून मालकांनी १९९६ मध्ये घेतलेला नोंदणीकृत करार. १९८४ च्या कराराची फक्त झेरॉक्स होती. मुद्रांक शुल्काचा प्रश्न नव्हता. १० डिसेंबर १९८५ च्या आधीच्या अशा करारांना पूर्ण शुल्काची अट नाही. पण मूळ कागद कुठे तारण पडलाय का, ही शंका उरतेच. मालकांनी पोलिसांत हरवल्याची नोंद केली, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली, दुय्यम निबंधकांकडे तीस वर्षांचा शोध घेतला. हरकत आली नाही. यात पाच आठवडे गेले. भाचीला ते फुकट गेले असं वाटलं, मला नाही.

करार २०२४ मध्ये नोंदवला. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून ६ टक्के. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. बाबांचं नाव जोडायचा विचार होता, तो सोडला. त्यात वाचले ७८,०००. आणि नेमके तेवढेच ७८,००० दुसऱ्या कारणाने चर्चेत आले. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा, तेव्हा फॉर्म २६ क्यूबीने. एजंट यावर चकार शब्द बोलला नव्हता. विसरलं तर उशिराला दिवसाला २०० रुपये, आणि नोटीस घेणाऱ्याच्या नावाने येते.

हप्त्याचं स्वप्न बँकेत फुटलं. भाचीने २० वर्षं धरली होती; ४० लाखांना साडेआठ टक्क्यांनी ३४,७१३. बँकेच्या इंजिनिअरने इमारतीचं वय पाहिलं आणि १५ वर्षांच्या वर मुदत द्यायला नकार दिला. हप्ता झाला ३९,३९०. शिवाय मुद्रांक शुल्क ३,९०,०००, नोंदणी ३०,०००, दलाली ७८,०००, वकील २०,००० हे सगळं खिशातून. कर्जाचं प्रमाण ठरवताना घराच्या किमतीत शुल्क-नोंदणी धरायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

सोसायटीत हस्तांतरण फी २५,०००. महापालिका हद्दीत त्याच्या वर घेता येत नाही. समितीतल्या एकाने "स्वेच्छेची देणगी" म्हणून लाखाचा विषय काढला होता. आम्ही लेखी मागितलं. लेखी आलं नाही, महिनाभर एनओसीही आली नाही, मग आली.

पाण्याची रेघ

आता काम. इंटिरिअरवाल्याचं कोटेशन ९,८०,०००. फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, हॉल-किचनची भिंत काढून ओपन किचन, नवी लादी सगळीकडे. मी लाल पेन घेतलं. जे पाणी अडवतं किंवा आग टाळतं ते ठेवायचं, बाकीचं उद्यावर. सीलिंग आधी उडवलं. सी-२बी इमारतीत स्लॅब डोळ्यासमोर हवा. चीर पडली, गंजाचा डाग आला, तर त्याच दिवशी दिसला पाहिजे. भिंतही राहिली. चार इंची होती, नियमाने भार घेत नाही. पण चाळीस वर्षांत वाकलेला स्लॅब अशा भिंतींवर हळूच टेकलेला असतो, आणि ते आरसीसीच्या ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. हॉलची जुनी मोझॅक पॉलिश करून घेतली. भाची आठवडाभर नाराज होती. आता आल्यागेल्याला ती लादी दाखवते.

बाथरूम मात्र मुळापासून उकरलं. ब्रेकर मशीन नको, छिन्नी-हातोडाच, असं कडियाला बजावलं होतं. लादी निघाली, खाली काळं, ओलं राबिट, म्हणजे लादीखालचा भराव. चाळीस वर्षांचं पाणी त्यात मुरलेलं. जीआयचा पाइप हाताने दाबला तर पापुद्रा सुटला. डेब्रिजच्या गोण्या तीन जिने उतरवायच्या म्हणजे हमाली वेगळी. सळी साफ करणं, गंजरोधक लावणं, पॉलिमर मॉर्टर भरणं, यात ठरल्यापेक्षा २८,००० जास्त गेले. जुन्या घराच्या बजेटात असा एक आकडा कोरा ठेवावाच लागतो.

वॉटरप्रूफिंग झालं, विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा झाला, नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या भोकाला, बोळा कोंबून पाणी भरलं. मी भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली. कंत्राटदार म्हणाला, "चोवीस तास पुष्कळ झाले, उद्या लादी सुरू करतो." मी म्हटलं, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी रेघेच्या दोन बोटं खाली. थोडं उन्हाने, हवेने उडतं, पण दोन बोटं नाही. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, "अहो, माझ्या देवघरामागे टपटप होतंय!"

ट्रॅपच्या कडेचा सांधा सुटला होता. एवढासा, करंगळीच्या नखाएवढा. लादी बसली असती तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत कळलं नसतं, आणि कळलं असतं ते आजींच्या भिंतीवर. आतल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च सभासदाचा. गच्ची आणि बाहेरच्या भिंतींचा सोसायटीचा, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमांत आहे. सांधा पुन्हा केला, पाणी पुन्हा भरलं, यावेळी ७२ तास. रेघ जागेवर राहिली. भाची रोज कामावरून सुटून भांडुपला उतरायच्या आधी मुलुंडला उतरून रेघ बघून जायची. आजींनी तिला एकदा थालीपीठ दिलं, तिथून त्यांची गट्टी.

वायरिंगचं थोडक्यात: जुन्या ॲल्युमिनियमच्या तारा, अर्थिंग नावापुरतं. सगळं तांब्याचं घातलं, दिव्यांना १.५, सॉकेटना २.५, गीझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटर, आणि विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी. मुंबईत असूनही भांडुप-मुलुंडला वीज महावितरणची. नवा भार मंजूर करून घ्यायला त्यांच्याकडेच जावं लागलं.

एक चूक झाली आणि ती माझी. जुन्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवू दिल्या, ६४,०००. सात महिन्यांनी सोसायटीच्या दुरुस्तीची परांची चढली, बाहेरचं प्लास्टर फोडताना दोन खिडक्यांच्या कडेचं सीलंट उखडलं, एक चौकट चेपली. आयुष्यभर परांची बांधणारा माणूस मी, बाहेरचं काम आधी आणि खिडकी नंतर हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. भाची काही बोलली नाही. ताई बोलली.

एकूण हिशेब: बाथरूम-संडास आणि प्लंबिंग १,४५,०००, वायरिंग ७२,०००, किचनचा ओटा ५८,०००, खिडक्या ६४,०००, रंग आणि पॉलिश ४८,०००, डेब्रिज आणि हमाली २५,०००, न ठरलेलं २८,०००. बेरीज ४,४०,०००. सगळी बिलं एका फाइलीत ठेवायला लावली. घर विकताना सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा मागता येतो, पण कागद असला तरच.

भाडं

तिला ३०,००० अपेक्षित होते, मिळाले २६,०००. भाडेकरू नवराबायको, दोघंही नोकरीवाले. त्यांनी विचारलं काय? पाणी किती वेळ येतं आणि वॉशिंग मशीन कुठे बसेल. बाथरूममधलं पॉलिमर मॉर्टर कुणाला दिसणार! डिपॉझिट एक लाख.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज सोसायटीतल्या निम्म्या लोकांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. आणि नोंदवला नाही तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मुद्रांक शुल्क पाव टक्का, इथे ७४० रुपये; नोंदणी फी १,०००. ऑनलाइन अंगठ्याने झालं. भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली. सोसायटीने भाडेकरू ठेवल्याबद्दल महिन्याला ५०० सांगितले होते. नॉन-ऑक्युपन्सी आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. तिचं सेवाशुल्क १,९००, म्हणजे १९०. तेवढेच ती भरते.

वर्षाअखेर दोघं वही घेऊन बसलो. महिनाभर घर रिकामं धरून भाडं २,८६,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३८,४००, नॉन-ऑक्युपन्सी २,२८०, किरकोळ दुरुस्ती १२,००० वजा. राहिले २,३३,३२०. घरात गुंतलेले एकूण ८७,८३,००० च्या आसपास, दुरुस्तीची उरलेली वर्गणी वेगळी. म्हणजे परतावा २.६६ टक्के, आणि कर्ज साडेआठने. हप्त्यातली तूट पगारातून जाते. ती नव्या करप्रणालीत आहे; व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं, पण राहिलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही.

भाची बराच वेळ आकड्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "मामा, मग मी घेतलं काय?" मी म्हटलं, जमिनीतला वाटा घेतलास, जो अजून कन्व्हेयन्सच्या फायलीत अडकलाय. तिचं उत्तर: "हे तू आधीच बोलला होतास, नाही?" बोललो होतो. पण तेव्हा मोबाइलमध्ये किचनच्या ट्रॉल्या होत्या.

डीम्ड कन्व्हेयन्सची सुनावणी अजून सुरू आहे. यंदा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आजींनी तिला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. त्यांच्या छताचा. तिने तो मला पुढे ढकलला, खाली फक्त प्रश्नचिन्ह. मोठा करून पाहिला. बाथरूमखालचा भाग कोरडा ठणठणीत. डाग होता, पण बाहेरच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, सांडपाण्याचा उभा पाइप जातो तिथे. ते काम सोसायटीचं. मी तिला म्हटलं, आजींच्या नावाने सेक्रेटरींना पत्र लिही, फोटो जोड आणि पोच घे.